असल उत्तरला माझे सेंच्युरियन दर वेळी का हरतात?

केळीवाला_यावल:
राम राम मंडळी. रणगाड्यांच्या एका सिम्युलेशन गेमसाठी १९६५ च्या असल उत्तरच्या लढाईचा नकाशा करतोय. तीन महिने झाले. रात्री लाइट आली की मळ्यातली मोटर चालू करायची, घरी यायचं आणि कॉम्प्युटरपुढे बसायचं. आपल्या ३ कॅव्हलरी या रणगाडा रेजिमेंटचे सेंच्युरियन रणगाडे, समोर पाकिस्तानचे पॅटन. नऊ वेळा खेळवली, नऊही वेळा पॅटन जिंकले. खऱ्या लढाईनंतर हेच पॅटन भिखीविंडजवळ रांगेनं आणून उभे केले होते, त्या जागेला लोक पॅटननगर म्हणायचे!

सेंच्युरियनच्या २०-पौंडर तोफेचे (८४ मिमी) आकडे मी जुन्या तक्त्यातून उतरवलेत. मित्र म्हणतो, भेदनक्षमता सरळ दीडपट कर आन मोकळा हो भो. मन धजत नाही. चूक कुठं असेल?

तक्ते_चाळणारा:
दीडपट अजिबात नको. त्या तक्त्यातलं पोलाद सरळ उभं होतं की कललेलं, ते आधी बघा. ३० अंश कललेलं १०० मिमी पोलाद गोळ्याला ११५ मिमी पडतं. पॅटनचं पुढचं चिलखत ११० मिमी, उभ्या रेषेपासून ६० अंश कललेलं. गेम ते २२० धरतो, ते ठीकच आहे. पण तोफेचा आकडाही कललेल्या पोलादावरचा असेल, तर तुमच्या गोळ्याला कलाचा दंड दोनदा बसतोय.

शिवाय अंतर यार्डात असेल तर १००० म्हणजे ९१४ मीटर. आणि 'भेदलं' कशाला म्हणायचं, हेही प्रत्येक देशाचं वेगळं: कुणी निम्मे गोळे आरपार गेले की म्हणतं, कुणाला बहुतेक सगळे जायला हवेत. वेगवेगळ्या देशांचे आकडे एका रकान्यात घातले की खिचडी.

जाता जाता: जीपवरच्या १०६ मिमी रिकॉइललेस (मागे धक्का न देणाऱ्या) तोफेची नळी खरं तर १०५ मिमीची. आधीच्या १०५ च्या गोळ्यांशी गल्लत नको म्हणून नाव १०६ ठेवलं. कॅलिबरवरून (नळीच्या व्यासावरून) हिशेब करत असाल तर सांभाळा.

माजी_तोफची_चाळीसगाव:
बेटा, माझी उमर देवळालीच्या तोफखान्यात गेली. रेंज टेबल, म्हणजे गोळा किती लांब पडेल त्याचा तक्ता, ठराविक हवेचं आणि बारुदाच्या ठराविक तापमानाचं असतं. बारूद तापली की गोळा लांब पडतो, म्हणून दुरुस्ती केल्याशिवाय आम्ही टेबलावर विसंबत नव्हतो.

पण तुझं दुखणं टेबलात नाही. नकाशात पाणी सोडलंस का? आपल्या लोकांनी घोड्याच्या नालेसारखा मोर्चा लावला, शेतांत पाणी भरलं आणि उसात दडून बसले. पॅटन जवळ येऊ दिले, कुशीत मारले. कुशीचं चिलखत पातळ. समोरून छातीवर मारायला कोण सांगतं? त्या लढाईतल्या आपल्या अब्दुल हमीदची जीपवरची १०६ पण तशीच: एक गोळा, मागं धुळीचा लोट, की लगेच जागा बदल. तुझ्या गेममधली जीप हलते का?

केळीवाला_यावल:
काका, जीप जागची हलत नव्हती. मीच तिला झाडाखाली खिळवून ठेवली होती.

आणि दादा, तक्त्याच्या तळाला बारीक अक्षरात ३० अंश लिहिलेलं निघालं. तीन महिने समोर होतं.

पाण्याचं तर मला सांगायलाच नको होतं. मागच्या पावसाळ्यात पाट फुटला आणि आमचा ट्रॅक्टर काळ्या मातीत निम्म्या चाकापर्यंत रुतला. एक्सलेटर दिला की आणखी खाली. शेवटी शेजाऱ्याचा जेसीबी आणला, वर त्याची बोलणी खाल्ली. आणि तोच मी ४५ टनांचा पॅटन ओल्या उसातून पळवत होतो.

काल सगळं दुरुस्त करून पाच वेळा खेळवली. तीनदा आपण, दोनदा ते. एकदा माझाच सेंच्युरियन गाळात बसला, तो तर पॅटनपेक्षाही जड. एकच अडलंय: सप्टेंबरात ऊस किती उंच धरू? आमच्याकडे केळीच.

माजी_तोफची_चाळीसगाव:
डोक्याच्या वर धर. पॅटनच्या कमांडरला झाकण उघडून उभं राहिल्याशिवाय काही दिसलं नाही पाहिजे.