मदत हवी आहे: पंचगंगेबद्दल संसदेच्या पर्यावरण समितीला लिहायचंय, कसं लिहायचं?

बांधावरची

नमस्कार मंडळी, मी शिरोळ तालुक्यातली, नोकरीसाठी कोल्हापुरात राजारामपुरीत रूम घेऊन राहते आणि शनिवार-रविवार गावी असते. जरा लांबलचक लिहितेय पण शेवटपर्यंत वाचा आणि कुणाला माहिती असेल तर खरंच सांगा.

आमचं गाव पंचगंगेच्या काठाला. उन्हाळ्यात पाणी बंधाऱ्याला तुंबलं की कधीतरी एका सकाळी मासे वर आलेले दिसतात, हे लहानपणापासून ऐकत आले होते, ह्या वेळी मी स्वतः बघितलं. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी उकळलेल्या चहाच्या रंगाचं, मळीचा वास असा की पदर नाकाला लावल्याशिवाय उभं राहवत नव्हतं, आणि कडेच्या उथळ पाण्यात मासे नुसते तोंड वर काढून आ करत होते. बारकी पोरं ते हातानं धरून घमेल्यात भरत होती आणि बायका वरून ओरडत होत्या की घरात आणू नका रे. म्हशी काठापर्यंत गेल्या, वास घेतला आणि तशाच माघारी फिरल्या. आमचे आप्पा सांगतात, वैरण कापून झाली की ते ओंजळीनं हेच पाणी प्यायचे.

तक्रार त्याच दिवशी फोनवर केली. नमुना घ्यायला साहेब आले ते चौथ्या दिवशी. तोवर वरच्या धरणातून पाणी सोडलेलं, बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढलेले, सगळी घाण वाहून खालच्या गावांना गेली आणि नमुना घेतला तो नव्या पाण्याचा. त्याचा रिपोर्ट काय येणार ते तुम्हीच समजून घ्या. पहिल्या दिवशीचं पाणी मी बाटलीत भरून ठेवलंय, ते अजून फ्रीजमध्ये आहे.

आता तरुण मंडळाच्या मीटिंगमध्ये आमचे रिटायर्ड गुरुजी म्हणाले की संसदेची पर्यावरणाची समिती असते, सगळ्या पक्षांचे खासदार त्यात असतात, अधिकाऱ्यांना समोर बसवून प्रश्न विचारतात, तिला लिहा. सगळ्यांना पटलं, पण पुढं कुणालाच काही माहीत नाही. ही समिती नेमकी करते काय? आमच्यासारख्या गावानं लिहिलेलं वाचतात का? मराठीत चालतं का? आणि २०१९ आणि २०२१ च्या महापुराचं पण त्यातच लिहावं असं निम्म्या लोकांचं म्हणणं आहे, ते बरोबर आहे का? प्लीज सांगा, पुढच्या रविवारी परत मीटिंग आहे.

गडहिंग्लजकर

ताई, मी काही वर्षं दिल्लीत एका खासदारांच्या ऑफिसात कामाला होतो त्यामुळं ह्या समित्यांचे कागद रोज हाताखालून जायचे. जे माहीत आहे ते सांगतो.

गुरुजी म्हणाले ते खरं आहे. संसदेच्या अशा खातेनिहाय स्थायी समित्या २४ आहेत, १९९३ ला १७ होत्या आणि २००४ ला वाढवल्या. तुम्हाला पाहिजे ती विज्ञान-तंत्रज्ञान, पर्यावरण, वने आणि हवामान बदल ह्या विषयांची, आणि ती राज्यसभेच्या सभापतींच्या अखत्यारीत येते. ३१ जण असतात, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे, मंत्र्याला सदस्य होता येत नाही, आणि समिती दर वर्षी नव्यानं नेमतात.

कामं म्हणाल तर बजेट मांडून झालं की संसदेला मधली सुट्टी असते, त्यात पर्यावरण मंत्रालयाच्या मागण्या तपासायच्या, म्हणजे गेल्या वर्षी दिलेले पैसे खर्च का झाले नाहीत, ह्या वर्षी जास्त कशाला पाहिजेत, सगळं. मग पाठवलेली विधेयकं, मंत्रालयाचे वार्षिक अहवाल, आणि समितीनं स्वतः निवडलेले विषय. मंत्रालयाच्या सचिवांना बोलावतात, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे लोक येतात, आधी प्रश्नांची यादी पाठवून लेखी उत्तरं मागवलेली असतात. बैठक बंद दाराआड, पत्रकारांना प्रवेश नाही. त्याचा एक फायदा मी जवळून बघितलाय, कॅमेरा नसला की खासदार पक्ष बाजूला ठेवून बोलतात, सभागृहात एकमेकांवर ओरडणारे तिथं एकाच अधिकाऱ्याला मिळून धरतात.

पण नियमातच आहे की मंत्रालयाच्या रोजच्या कारभारात समितीनं शिरायचं नाही. म्हणजे "आमच्या बंधाऱ्यात मासे मेले, अमक्यावर कारवाई करा" असं लिहिलंत तर ते समितीच्या कामातच बसत नाही. तेच जर असं लिहिलंत की नदीत घाण आल्यापासून नमुना घेईपर्यंत किती वेळ जावा ह्याची सक्तीची मुदत असावी, आमच्याकडं चार दिवस गेले, तारखा ह्या घ्या, फोटो हे घ्या, तर तो धोरणाचा प्रश्न झाला. तुमचं गाव तिथं उदाहरण म्हणून जातं. माझ्या मते तुमचं सगळं निवेदन ह्या चार दिवसांवरच उभं करा.

भाषेचं, समिती एखाद्या विषयावर सूचना मागवते तेव्हा पेपरात आणि वेबसाइटवर जाहिरात देते, त्यात हिंदी किंवा इंग्रजीत निवेदन मागतात. समोर जाऊन बोलायचं असेल तर तसं त्यात स्पष्ट लिहावं लागतं. आणि दिलेलं निवेदन गोपनीय असतं, समितीनं अहवाल मांडेपर्यंत ते व्हॉट्सअॅपवर फिरवू नका.

कट्टा_इचलकरंजी

ताईचं वाचून पोटात तुटलं. आम्ही २०१२ ची दूषित पाण्यानं आलेली कावीळ बघितलीय इचलकरंजीत, गल्लीगल्लीत पेशंट, माझ्या मावशीचं घरच्या घर आडवं पडलेलं. म्हणून स्पष्टच विचारतो गडहिंग्लजकर दादा, राग मानू नका, ह्या समितीचं सरकारला ऐकावंच लागतं का? का नुसताच सल्ला? नुसता सल्ला असेल तर पोरीचा आणि मंडळाचा वेळ कशाला घालवायचा, त्यापेक्षा पुण्याला हरित न्यायाधिकरणात, म्हणजे पर्यावरणाच्या कोर्टात जाऊ दे.

गडहिंग्लजकर

राग कसला दादा. सल्लाच असतो, बंधन नाही. पण सरकारला तीन महिन्यांत प्रत्येक शिफारशीवर काय केलं ते लेखी द्यावं लागतं आणि त्यावर समिती परत अहवाल काढते. त्यात सरकारची उत्तरं वेगवेगळ्या प्रकरणांत लावलेली असतात, मानलेल्या शिफारशी, समितीनं सोडून दिलेल्या, उत्तर न पटल्यानं समितीनं परत लावून धरलेल्या, आणि अंतिम उत्तर यायचं बाकी असलेल्या. कुणाला खरंच अभ्यास करायचा असेल तर ते "उत्तर पटलं नाही" वालं प्रकरण आधी वाचावं, मंत्रालय कुठं टोलवाटोलवी करतंय ते तिथं सापडतं.

आणि नुसत्या सल्ल्यानंही फरक पडतो. २०१४ मध्ये सरकारनं माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमण्यन यांची समिती नेमली आणि पाणी, हवा, जंगल, वन्यजीव असे सहा कायदे तपासायला दिले, त्यांनी तीन महिन्यांत अहवाल दिला. संसदेच्या ह्या स्थायी समितीनं २०१५ च्या जुलैमध्ये स्पष्ट सांगितलं की सहा कायद्यांसाठी हा वेळ फार कमी आहे, ह्यावर घाईनं पुढं जाऊ नका. त्या अहवालात सुचवलेला नवा एकत्र कायदा पुढं आलाच नाही. एकट्या समितीमुळं असं मी म्हणणार नाही, पण लोकांच्या हरकती तिच्यामुळं संसदेच्या कागदावर आल्या.

वकीलताई_शाहूपुरी

मध्ये बोलते, कारण दादांनी चांगली बाजू सांगितली, दुसरी पण सांगायला पाहिजे.

विधेयक समितीकडं पाठवायलाच पाहिजे असं बंधन नाही. १५ व्या लोकसभेच्या काळात (२००९-१४) शंभरातली साधारण ७० विधेयकं समित्यांकडं गेली, १७ व्या लोकसभेत (२०१९-२४) शंभरातली १६. तुमच्या नदीशी थेट संबंध असलेलं उदाहरण देते. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यातली दुरुस्ती ५ फेब्रुवारी २०२४ ला राज्यसभेत मांडली, ६ ला तिथं मंजूर, ८ ला लोकसभेत मंजूर. कुठल्याही समितीकडं गेली नाही. आणि त्यात होतं काय, तर अनेक गुन्ह्यांची कैद काढून १० हजार ते १५ लाख दंड. नदीकाठच्या एकाही माणसाला विचारायला वेळ मिळाला नाही. मला स्वतःला हे फार लागलंय. दंड वाढवायला माझा विरोध नाही, पण मोठ्या कारखानदाराला १५ लाख म्हणजे धंद्याचा खर्च झाला, हे कुणीतरी समितीसमोर येऊन सांगायला पाहिजे होतं.

एक खुलासा, पाणी हा राज्याचा विषय असल्यामुळं ही दुरुस्ती सुरुवातीला हिमाचल, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली, बाकीच्या राज्यांनी विधानसभेत ठराव केला की तिथं लागू होते. म्हणून तुमच्या मंडळानं आमदारांना पण गाठायला पाहिजे. विधिमंडळाची विनंती अर्ज समिती असते, तिथं मराठीत चालतं.

२०२३ चं वनसंवर्धन दुरुस्ती विधेयक स्थायी समितीकडं न पाठवता वेगळी संयुक्त समिती करून तिकडं दिलं, तेव्हा स्थायी समितीचे अध्यक्ष जयराम रमेश होते आणि त्यांनी उघड हरकत घेतली होती. संयुक्त समितीनं एकही बदल न सुचवता विधेयक परत केलं, काही सदस्यांनी भिन्नमतपत्रिका, म्हणजे आपला विरोध लेखी, जोडल्या. म्हणजे समिती कुठली हे पण महत्त्वाचं.

आता तुझी बाटली गं बाई. भावना कळते, पण पुरावा म्हणून ती टिकणार नाही. कायद्याप्रमाणं नमुना अधिकाऱ्यानं घ्यायचा, सांडपाणी सोडणाऱ्याला नोटीस देऊन, दोन भाग करून, सील करून. तू तारीख-वेळ दिसेल असे फोटो ठेव, तक्रारीच्या फोनची कॉल हिस्ट्री ठेव, साहेब आले त्या दिवशी बरगे काढलेले होते ह्याचा पंचनामा चार जणांच्या सहीनं करून घे. आणि समितीला निवेदन न देता थेट संसदेत विनंती अर्ज द्यायचा झाला तर कोर्टात चालू असलेला विषय घेत नाहीत, पंचगंगेचं प्रकरण कोर्टात आणि न्यायाधिकरणात गेलेलं आहे हे लक्षात ठेवून शब्द निवडा. राज्यसभेच्या अर्जावर एका खासदाराची सही लागते. लोकसभेला मराठीत अर्ज केला तरी हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर सही करून जोडावं लागतं.

बांधावरची

बापरे, एवढं सगळं एका दिवसात, मनापासून आभार सगळ्यांचे. वकीलताई, पंचनाम्याचं डोक्यातच नव्हतं, आप्पा आणि शेजारचे तिघं सही करायला तयार आहेत, ते तिथंच उभे होते.

एकच राहिलं, महापुराचं त्यातच लिहू का? २०१९ ला पाणी राजाराम बंधाऱ्याला ५५ फुटांच्या वर गेलं होतं, धोका पातळी ४३ आहे, आमचं घर आठ दिवस पाण्यात होतं, लोक ते सोडायला तयार नाहीत.

गडहिंग्लजकर

ताई, वेगळं लिहा. पूर आणि धरणं जलशक्ती मंत्रालयाकडं, त्याची समिती वेगळी, जलसंपदेची, ती लोकसभेकडं. आणि गोंधळ इथंच आहे बघा, नदी संवर्धनाची योजना, जिच्यातून कोल्हापूरच्या सांडपाण्याचं काम झालं, ती आधी पर्यावरण मंत्रालयात होती, २०१९ ला जलशक्तीकडं गेली. प्रदूषण मंडळ मात्र पर्यावरणकडंच राहिलं. म्हणजे सांडपाणी केंद्राला पैसे कुणी दिले हे एका समितीला विचारायचं आणि घाण सोडणाऱ्यावर लक्ष कुणी ठेवायचं हे दुसरीला. दोन निवेदनं, दोन-दोन पानांची. पुराच्या निवेदनात घर किती दिवस पाण्यात होतं ते तारखेनिशी येऊ द्या. आणि जाहिरात यायची वाट बघत बसू नका, दोन्ही समित्यांतल्या महाराष्ट्रातल्या खासदारांची नावं वेबसाइटवर बघून त्यांना आधीच द्या, विषय निवडताना सदस्यच सुचवतात.

कट्टा_इचलकरंजी

मग आमच्याकडून पण घ्या. कापडाच्या प्रोसेसिंगमध्ये काम केलेली दोन-तीन माणसं आहेत ओळखीची, सांडपाणी रात्री कधी सोडतात ते त्यांना माहीत आहे, नावं न घालता लिहून देतील. दादा, मगाशी वेळ वाया म्हणालो ते मागं घेतो.

बांधावरची

घेतेच दादा, रविवारी सकाळी दहाला मारुतीच्या देवळात मीटिंग आहे, जमलं तर तुम्हीच या. पहिला परिच्छेद मी काल रात्री लिहून काढला तो इथं टाकते, चुका सांगा:

"आमच्या गावाजवळच्या बंधाऱ्यात मासे मरू लागल्याची तक्रार आम्ही त्याच सकाळी केली. पाण्याचा नमुना चौथ्या दिवशी घेतला गेला. तोपर्यंत बंधाऱ्याचे बरगे काढून पाणी पुढे सोडले होते. तक्रार ते नमुना ह्यासाठी किती तासांची मुदत आहे आणि ती पाळली नाही तर जबाबदार कोण, हे समितीने मंत्रालयाला विचारावे अशी आमची विनंती आहे."

ह्याचं चांगलं हिंदी कुणी करून देईल का? "बरगे" ला हिंदीत काय म्हणतात ते पण सांगा, गुरुजींना पण आठवेना.