बँकेला समाजसेवेचा पुरस्कार: कौतुक करायचं की ताळेबंद उघडायचा?

जुना सभासद
आमच्या सहकारी बँकेचा वार्षिक अहवाल आला. पहिली चार पानं पुरस्कारांची: 'सामाजिक बांधिलकी', 'उत्कृष्ट नेतृत्व'. अध्यक्ष शाल पांघरून हसतायत, उपाध्यक्षांनी स्मृतिचिन्हाचा एक कोपरा धरलाय. रक्तदान, वह्यावाटप, वृक्षारोपण सगळं रंगीत. थकबाकीचा तक्ता मात्र काळापांढरा, आणि भिंग घेतल्याशिवाय वाचता येणार नाही इतका बारीक.

माझं म्हणणं एवढंच, की बँकेची समाजसेवा कर्जाच्या टेबलावर होते, मांडवात नाही. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँक घ्या. बायकांनी परवाना मागितला तेव्हा रिझर्व्ह बँकेने अर्ज परत पाठवला, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, तोंडी सांगतो. तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा. १९९७ साली बँक उभी राहिली. बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हा २०१८ मध्ये दावोसच्या जागतिक आर्थिक मंचाच्या बैठकीत सहअध्यक्ष म्हणून बसल्या, त्यामागे हे काम होतं. वह्यावाटप नव्हतं.

घाटाखालचा
वह्या फुकट मिळणाऱ्या पोराच्या आईला विचारा की हो एकदा. तुम्हाला ताळेबंद वाचता येतो म्हणून बाकी सगळं दिखाऊ?

आणि ही काही अध्यक्षांची लहर नाही. राज्याच्या सहकार कायद्यातच नफ्यातला काही भाग सार्वजनिक कामासाठी बाजूला काढायची सोय आहे. लाभांशालाही १५ टक्क्यांची मर्यादा घातलीय. म्हणजे सगळा नफा सभासदांच्या खिशात जाऊ नये, हे कायदा करणाऱ्यांनी आधीच ठरवलेलं. मग गावाला रुग्णवाहिका दिली आणि कुणी पाठ थोपटली, तर पोटात का दुखावं?

हिशेबतपासनीस
पोटात दुखत नाही, डोळ्यांत खुपतं. सहकारी बँकांच्या लेखापरीक्षणात बरीच वर्षं काढली. पुरस्कारांचे अर्ज भरलेले पाहिलेत. काही ठिकाणी प्रवेशशुल्क असतं, काही ठिकाणी सोहळ्यात पैसे भरून 'टेबल' घ्यावं लागतं, स्मरणिकेत जाहिरात द्यावी लागते. परीक्षक कर्जखात्यांची एकही फाइल बघत नाहीत. तुम्हीच भरलेला तक्ता, तुम्हीच लिहिलेली दोन पानं, आणि त्यावर गुण!

पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँक आठवते ना? २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि सुरुवातीला खात्यातून सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येतील असं सांगितलं. एकाच बांधकाम समूहाला दिलेली कर्जं २१ हजारांहून जास्त बनावट खात्यांआड झाकलेली होती. अशा गोष्टी शालीखाली सहज मावतात.

घाटाखालचा
आली पीएमसी! सहकाराची चर्चा सुरू झाली की दहा मिनिटांत कुणीतरी ती काढतंच. घोटाळा खासगी बँकेत होत नाही का?

हिशेबतपासनीस
होतो. पण खासगी बँकेचा शेअर घसरला की बाजार ओरडतो. आपले शेअर कायम दर्शनी किमतीलाच, त्यांवरून काय कळणार! बँक बुडाली तर ठेवीदाराला मिळणारा ठेवविमा १ लाखावरून ५ लाखांवर गेला तोही २०२० मध्ये, पीएमसी अडचणीत आल्यावर. म्हणून निव्वळ एनपीए (थकलेली कर्जं) आणि भांडवल पर्याप्तता (तोटा सोसायला बँकेचं स्वतःचं भांडवल किती) आधी बघा, पुरस्काराची ढाल मागाहून.

माणदेशी पाव्हणा
धागाकर्त्यांनी आमच्याकडचं उदाहरण दिलं, पण अर्धंच. २०१२ च्या दुष्काळात म्हसवडला जनावरांची छावणी उभी राहिली, ती माणदेशी फाउंडेशन या बँकेच्या भगिनी संस्थेने चालवली, बँकेने नाही. एक बाई चाऱ्यासाठी सोनं गहाण टाकायला बँकेत आली, तिथून तो विषय निघाला. नुसतं कर्ज देऊन भागलं असतं तर छावणी कशाला लागली असती? चारा-पाणीच नसेल तर तुमचं ते टेबल काय कामाचं?

जुना सभासद
हा मुद्दा बरोबर आहे. 'मांडवात नाही' हे मी जरा जोरात बोललो. पण बघा, ती बाई आधी बँकेत आली आणि तिचं गाऱ्हाणं कुणीतरी ऐकून घेतलं. माझ्या शेजारच्या शिवणकामवालीने आमच्या शाखेत छोटं कर्ज मागितलं, तर तिला दोन जामीनदार, दोघेही पगारदार, आणायला सांगितले. तिच्या ओळखीत पगारदार माणूस म्हणजे मी एकटा, तोही निवृत्त. त्याच महिन्यात 'महिला सक्षमीकरण' पुरस्काराचा फलक शाखेच्या दारावर लागला.

खिडकी क्रमांक दोन
मी अशाच एका बँकेत कॅशियर आहे. पुरस्काराची बातमी पेपरात आली की आठवडाभर नवीन मुदतठेवी येतात, हे डोळ्यांनी बघतेय. ठेव आली तरच कर्ज देता येतं ना! जामीनदाराचा नियम आम्ही खिडकीवाल्यांनी केलेला नाही. कर्ज बुडालं की चौकशी शाखाधिकाऱ्याची होते, शाल पांघरणाऱ्याची नाही. मग तो दोन पगारदार मागणारच.

घाटाखालचा
बघा, म्हणजे पुरस्काराचा उपयोग आहे!

हिशेबतपासनीस
ठेवी आणायला आहे. मी तेच म्हणतोय. ती जाहिरात आहे, आणि जाहिरातीच्या खर्चातच दाखवावी. 'समाजसेवा' या सदरात नको.

जुना सभासद
कॅशियरताई, नियम बदलायचा तर संचालक मंडळानेच, हे मान्य. सभेसाठी लेखी प्रश्न देऊन आलोय: लहान कर्जासाठी किती महिलांनी अर्ज केले, किती मंजूर झाले, आणि पुरस्कारांच्या अर्जांवर किती खर्च झाला.

खिडकी क्रमांक दोन
विषयपत्रिकेत 'ऐनवेळचे विषय' शेवटी असतात. अल्पोपाहाराच्या आधीच उभे राहा, नंतर सभागृहात कुणी उरत नाही.