बीपीडी: मराठीतून डीबीटी कोण करतं? मदत हवी आहे

धाकटी बहीण, वय २४, सांगलीत असते. मानसोपचारतज्ज्ञांनी बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर (बीपीडी, म्हणजे भावना आणि नाती पटकन टोकाला जाणारा मानसिक आजार) सांगितलंय. गोळ्या चालू आहेत, पण त्या फक्त झोप आणि चिडचिडीपुरत्या. खरा उपचार थेरपीच, असं डॉक्टरांनीच स्पष्ट केलं. मेसेजला उत्तर द्यायला जरा उशीर झाला की 'तूपण मला सोडणार' म्हणून आकांत करते, तासाभरात गळ्यात पडते. हे नाटक नाही, तिला खरंच तेवढा त्रास होतो. साधं समुपदेशन करून झालं, फरक पडला नाही. आता अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांची डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, तीव्र भावना सांभाळायला शिकवणारी थेरपी) हवी आहे, कौशल्यं शिकवणाऱ्या गटासकट. ऑनलाइन चालेल, पण मराठीतच. इंग्रजीत ती मोकळी होत नाही. सध्या जिवाला धोका नाही, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर घरात सगळ्यांकडे आहे. असे थेरपिस्ट कोणाच्या माहितीत आहेत का? आणि ती भडकलेली असताना घरच्यांनी नेमकं काय बोलावं?