जळगावात बैठकीला गडद तपकिरी रंग द्यावा का? घरात दोन तट पडलेत

वाघूरकाठ
दिवाळीआधी घराला रंग द्यायचाय. बैठक १२ बाय १४, खिडकी एकच, तीही पश्चिमेला. दहा वर्षं क्रीम कलर बघून डोळे विटले. चारही भिंतींना गडद, मातकट तपकिरी द्यावा असं मनात आहे. चॉकलेटी नव्हे. मांडे भाजायला चुलीवर खापर उलटं ठेवतात ना, त्याच्या पाठीवर दिसतो तो. बायकोला शेड कार्डावरचा तुकडा पटला. आईनं एकदाच पाहिला आणि म्हणाली, "हाई घर शे का भुयार?" तेव्हापासून जेवताना हा विषय निघत नाही. पॅन्टोन या रंगांच्या कंपनीने २०२५ चा रंग म्हणून ‘मोका मूस’ नावाचा तपकिरीच निवडला होता, पण हे आईला सांगून काय उपयोग! ज्यांनी दिलाय त्यांनी सांगा. देऊन पस्तावलेल्यांनी तर आधी सांगा.

धुळेकर नाना
भाऊ, आईचं ऐका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. बाहेरून आल्यावर फिकी भिंत बघूनच जरा गार वाटतं. गडद रंग ऊन पितो हे शाळेतलं पोरगंही सांगेल. चार भिंती तपकिरी केल्या तर वीटभट्टीत बसल्यासारखं होईल.

सावदा ते पुणे
नाना, ऊन पितो तो बाहेरचा रंग. आतल्या भिंतीवर ऊन जेमतेम पडतं, ती पिणार काय? घर तापतं स्लॅबमधून आणि पश्चिमेच्या भिंतीतून. गच्चीवर चुना मारा, ती भिंत बाहेरून पांढरी ठेवा, मग आत कुठलाही रंग द्या, पंख्याखाली बसणाऱ्याला फरक कळायचा नाही.

फरक पडतो तो उजेडात. पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडातला ८० टक्क्यांच्या आसपास परत टाकते, गडद तपकिरी १० टक्केही टाकत नाही. एका खिडकीच्या खोलीत भरदिवसा दिवा लावावा लागेल. आणि दुपारी लाइट गेली की आईचा शब्द खरा ठरेल.

पुट्टीवाला, भुसावळ
बावीस वर्षं रंगकाम करतोय, म्हणून सांगतो. तपकिरी रंग स्वभावानं गुणी. त्यात लोहाचा ऑक्साइड असतो, तो खालचं चांगलं झाकतो. गडद पिवळ्यासारखे पाच-पाच हात मारावे लागत नाहीत. प्रायमर मात्र पांढरा मारू नका, त्यात थोडा तोच रंग घालून घ्या. नाहीतर कोपऱ्यात, स्विचबोर्डच्या कडेला पांढरं डोकावतं.

दुखणं पुढं आहे. काळ्या जमिनीवर बांधलेलं घर असेल तर माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतीला केसासारख्या चिरा जातात. क्रीम रंगात त्या लपतात. तपकिरीत चीर भरून वर हात मारला की ठिगळ दिसतं, मग अख्खी भिंत पुन्हा मारावी लागते. खालून ओल येत असेल आणि लोणा लागत असेल तर विचारच सोडा. गडद भिंतीवर पांढरा लोणा म्हणजे पीठ सांडल्यासारखा दिसतो. मॅट घेतलात तर सोफ्यामागं डोकं टेकतं तिथं तेलाचा चकचकीत गोल पडणार. हा गोल मी निदान शंभर घरांत पाहिलाय.

धाब्याच्या घरातली
शिंदखेडा तालुक्यात माझं माहेर. लग्न होईपर्यंत धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात राहिले. सध्या ‘मातीचे रंग’ म्हणून जे कौतुक चाललंय ते वाचून हसू येतं. मातीच्या घरातल्या भिंती तपकिरी नसायच्या हो! गाव पांढरीवर, शेत काळीत, हे आपल्याकडे कुणालाही ठाऊक. भिंती पांढऱ्या मातीच्या, वर चुन्याचा हात, खाली वीतभर गेरूचा पट्टा. तपकिरी होतं ते शेणानं सारवलेल्या जमिनीला आणि वर सागाच्या तुळयांना. त्या तुळया चुलीच्या धुरानं अशा झाल्या होत्या की हात लावला तर बोट काळं व्हायचं. पायाखाली गडद, डोक्यावर गडद आणि मधे उजेड, अशी ती रचना होती. वर पऱ्हाट्या, त्यावर मातीचा थर, आणि पावसाळ्याआधी घरची माणसं नवी माती टाकायला धाब्यावर चढायची. पहिल्या पावसात गळू लागलं की आई ताट-वाट्या मांडायची. आईला आयुष्यात एकच हौस होती, पांढरीशुभ्र गुळगुळीत भिंत. ती १९९६ साली मिळाली. तुमच्या आईलाही भुयार आठवलं असेल ते उगाच नाही.

शहाद्याचा पोरगा
ताई, मान राखून बोलतो, पण ही तुमच्या पिढीची आठवण. आमच्या वाट्याला गळकं धाबं आलं नाही. आमच्या वाट्याला आली ती हिरवट पांढऱ्या ट्यूबलाइटखालची क्रीम भिंत, दवाखान्यासारखी. भाड्याच्या खोलीत मी एक भिंत गडद तपकिरी केली, पुढं पितळी समई आणि आजीचा तांब्या ठेवला. येणारा प्रत्येकजण आधी तिथंच बघतो. पांढऱ्यावर पितळ असं कधी उठलं असतं?

एक चूक मात्र केली. दिवा तोच ठेवला, ६५०० केल्विनचा थंड पांढरा. त्यात तपकिरी रंग राखेसारखा मेलेला दिसायचा. ३००० चा पिवळसर लावला तेव्हा भिंत जिवंत झाली. रंगाला नावं ठेवण्याआधी बल्ब बदलून बघा.

धाब्याच्या घरातली
एक भिंत, समोर पितळ. त्याला मी कुठं नाही म्हटलं? वाघूरकाठ चारही भिंती म्हणतायत. आणि त्या समईचं पितळ घासतं कोण, तेही लिहा.

शहाद्याचा पोरगा
मीच घासतो. चिंच लावून. महिन्यातून एकदा. (दोनदा म्हणालो तर खोटं होईल.)

सावदा ते पुणे
एक भर घालतो. गेरू, इटलीतल्या सिएना गावच्या नावाचा रंग आणि अंबर (umber) नावाचा तपकिरी, ही एकाच कुळातली माती. लोहानं पिवळी-लाल होते, मँगनीज जास्त असलं की काळपट तपकिरी. पिवळी माती भाजली की लाल होते, आपली वीट भट्टीतून लाल निघते तसंच. तेव्हा वीतभर गेरूचा पट्टा होता म्हणजे हा रंग भिंतीवर होताच, ताई. आता तो वर किती चढवायचा एवढाच वाद आहे.

धुळेकर नाना
चढवा की! आमच्या धुळ्यात वारं सुटलं की गडद भिंतीवर धूळ कशी बसते तेही बघा. बोटानं नाव लिहाल.

वाघूरकाठ
सगळ्यांचं वाचलं. एक प्रयोग केला. तीन बाय चार फुटांची प्लायवूडची फळी घरी पडून होती. तिला प्रायमर आणि दोन हात मारून बैठकीत टेकवली, रोज वेगळ्या भिंतीला. खिडकीशेजारच्या भिंतीला ती काळं भोक वाटली, कारण शेजारून येणाऱ्या उजेडानं डोळे दिपतात. खिडकीसमोरच्या, पूर्वेच्या भिंतीला टेकवली आणि संध्याकाळी साडेपाचला तिरपं ऊन तिच्यावर आलं. तो रंग मी शेड कार्डावर पाहिलाच नव्हता. भाजलेल्या वांग्याच्या सालीखाली असतो तसा, लालसर.

चार भिंतींचा हट्ट सोडला. पूर्वेची एक तपकिरी, बाकी तीन आणि छत चुन्यासारखं पांढरं, चकचकीत नको. पुट्टीवाला भाऊ, त्या भिंतीला लोणा नाही, बघितलं. सोफा समोरच्या बाजूला हलवतोय, म्हणजे तेलाचा गोल पडायचा तो पांढऱ्यावर पडेल.

आईला फळी दाखवली. ती म्हणाली, "फळी चांगली शे. भिंत कशाला रंगवता, हाईच उभी करी ठेवा."

धुळेकर नाना
आईंना माझा नमस्कार सांगा.