सातोरू नाकाजिमा फक्त होंडामुळेच फॉर्म्युला वनमध्ये होता का?

तिसरा_गिअर
मी काझुकी नाकाजिमाला ल मॉंच्या 24 तासांच्या शर्यतीत टोयोटाकडून जिंकताना पाहिलं (2018, 2019, 2020 सलग तीन वेळा), तेव्हापासून त्याच्या वडिलांबद्दल वाचतोय. सातोरू नाकाजिमा 1987 ते 1991 एफ-वनमध्ये होता, 74 शर्यती, 16 गुण, एकदाही पोडियम (पहिले तीन) नाही. जिथे बघावं तिथे एकच वाक्य: होंडाचं इंजिन हवं म्हणून लोटस संघाने त्याला घेतलं. एवढंच होतं का? ज्यांनी त्या काळातल्या शर्यती पाहिल्यात त्यांनी सांगा.

पिटवॉल
इंजिनासोबत आला हे खरंच आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण पहिल्या शर्यतीच्या वेळी, म्हणजे 1987 च्या ब्राझीलला, तो 34 वर्षांचा होता हे लक्षात घे. जपानी फॉर्म्युला टूचं विजेतेपद त्याने पाच वेळा मिळवलं होतं: 1981, 82, 84, 85, 86. ते सगळं सुझुका, फुजी अशा घरच्या ट्रॅकवर. तिथून मोनाको, स्पा, डेट्रॉइट. आणि शेजारच्या गाडीत कोण, तर पुढे तीनदा जगज्जेता झालेला आयर्टन सेना! त्या वर्षी सेनाचे 57 गुण, याचे 7. हा आकडा लोक तोंडावर फेकतात. मला विचारशील तर त्या जागी 34 व्या वर्षी नवखा म्हणून कुणालाही बसवलं असतं तरी चित्र फार बदललं नसतं.

1987 मध्ये त्याच्या गाडीवर बऱ्याचदा कॅमेरा असायचा. ती दृश्यं सापडली तर जरूर बघ. पिवळी लोटस, उजव्या हाताने गिअर टाकायचा, म्हणजे वळणात एका हातावर स्टिअरिंग, आणि टर्बोची (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या यंत्राची) ताकद अचानक लागली की गाडी मागून सुटायला बघते. तो ती पकडतो, पुन्हा हात गिअरवर. हे पाहिल्यावर ‘इंजिनासोबत फुकट आलेला माणूस’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि गुण रिकामे नव्हते (तेव्हा पहिल्या सहांनाच गुण मिळायचे). दुसऱ्याच शर्यतीत इमोलाला सहावा, पुढे स्पाला पाचवा, सिल्व्हरस्टोनला चौथा. सिल्व्हरस्टोनला तर मॅन्सेल, पिके, सेना, नाकाजिमा असे पहिले चारही होंडावाले होते. सुझुकाला, घरच्या प्रेक्षकांसमोर, पुन्हा सहावा.

मागची_रांग
सगळं बरोबर, पण दुसरी बाजूही सांगू या. 1988 मध्ये मोनाको आणि डेट्रॉइटला तो शर्यतीसाठी पात्रही ठरला नाही, तेही होंडा टर्बो असताना. मॅक्लारेन संघ त्याच इंजिनावर 16 पैकी 15 शर्यती जिंकली. टीममेट पिकेचे 22 गुण, याचा 1. भिंतींच्या मधून जाणाऱ्या रस्त्यांवर तो कमी पडायचा, हे मान्य करायला हवं.

पिटवॉल
@मागची_रांग, मोनाको-डेट्रॉइट पूर्ण मान्य, तिथे मी त्याची बाजू घेणार नाही. पण 1988 म्हटलं की मला सुझुका आठवतं. त्या शर्यतीच्या आठवड्यातच त्याची आई गेली. तरी तो गाडीत बसला आणि पात्रता फेरीत पिकेइतकीच वेळ काढली, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत सारखी! पिके पाचवा, हा सहावा. शर्यतीत सातवा आला, म्हणजे गुण शून्य. त्यामुळे गुणांच्या तक्त्यात तो दिवस दिसतच नाही, आणि त्याच तक्त्यावरून आपण माणसाचा निकाल लावतो, याचं मला वाईट वाटतं.

@तिसरा_गिअर, तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर 1989 मध्ये आहे. होंडा लोटसला सोडून गेली होती, गाडीत जड (Judd) कंपनीचं व्ही-8 इंजिन. गाडी इतकी मंद की बेल्जियमला दोन्ही लोटस पात्रच ठरल्या नाहीत. आणि मग वर्षाची शेवटची शर्यत, ॲडलेड. धो-धो पाऊस, पुढचं काही दिसत नाही. प्रोस्टने एका फेरीनंतर गाडी चालवायलाच नकार दिला. सेना ब्रंडलच्या गाडीवर मागून आदळला, पिकेही बाहेर. नाकाजिमा 23 व्या जागेवरून सुटला, सुरुवातीलाच गिरकी खाऊन सगळ्यांच्या मागे गेला, आणि तिथून चौथा आला. शेवटी पात्रेसेच्या मागे लागला होता, तिसऱ्या जागेसाठी. शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरी त्याचीच, 64 वी. त्या दिवशी होंडा कुठे होती?

तिसरा_गिअर
हे माहीतच नव्हतं. पुढे टायरेल संघात गेल्यावर काय झालं?

मागची_रांग
1990 मध्ये तीनदा सहावा: फिनिक्स, मॉन्झा, सुझुका. 1991 मध्ये टायरेललाही होंडाचं इंजिन मिळालं, फिनिक्सला पाचवा आला, पण पुढे गाडीने साथ दिली नाही. शेवटची शर्यत पुन्हा ॲडलेड, पुन्हा पाऊस. ती मध्येच थांबवून 14 फेऱ्यांवर निकाल लावला, पण त्याआधीच हा घसरून बाहेर गेला होता.

पिटवॉल
नंतरचंही वाच. नाकाजिमा रेसिंग हा त्याचा संघ. टॉम कोरोनेलने 1999 मध्ये आणि तोरानोसुके ताकागीने 2000 मध्ये याच संघाकडून फॉर्म्युला निप्पॉन ही जपानची वरच्या दर्जाची स्पर्धा जिंकली. सुझुकाच्या रेसिंग स्कूलचा तो बरीच वर्षं प्रमुख होता. आधी ॲडलेड 1989 पूर्ण बघ, संक्षिप्त नको. बघितल्यावर इथे लिही, मला तुझं मत ऐकायचंय.