रात्रभराचा जागरण-गोंधळ, भावकी आणि माझी झोप

कृष्णाकाठची: मला बायपोलर (मूड टोकाला चढण्या-उतरण्याचा आजार) आहे, त्यावर लिथियमची गोळी चालू आहे, तब्येत सध्या छान. मे महिन्यात चुलतभावाचं लग्न, आणि लगेच गावी जागरण-गोंधळ. संबळ सुरू झाला की मी जागची हलत नाही, खरी अडचण तीच. मागे आत्याकडच्या कार्यात अशीच रात्र जागले आणि नंतर झोप येईना. यावी असंही वाटेना! पहाटे तीनला भावकीच्या ग्रुपवर व्हॉइस मेसेज, काकांना तेलघाण्याच्या धंद्याचा प्लॅन, सोनाराकडे ॲडव्हान्स. शेवट ॲडमिट होण्यात झाला.

आता ‘एका रात्रीनं काय हुतंय गं’ म्हणणाऱ्या काकूंसमोरून दहा वाजता उठायचं कसं? आणि ज्यांनी ते मेसेज ऐकलेत त्यांना तोंड कसं दाखवायचं? आई म्हणते, कुणाला काही बोलू नको, अजून स्थळ बघायचंय.

गोदातीर: ताई, मीही लिथियमवालाच, बँकेत आहे. एका रात्रीनं बरंच काही होतं. आपल्या आजारात जागरण हे मॅनियाचं, म्हणजे मूड टोकाला चढण्याचं, नुसतं लक्षण नसतं, कारणही असतं. पण गोंधळ सोडू नका. चौक, घट, दिवटी आणि देवांना आवतण हे सगळं सुरुवातीलाच होतं. तेवढं मनसोक्त बघा. आख्यान रंगायच्या आत उठा आणि पहाटे आरतीला हजर व्हा. झोपायला कार्याच्या घरात थांबू नका, दोन गल्ल्या पलीकडे कुणाकडे तरी आधीच सोय लावून ठेवा. मी उठताना कारण देत नाही. कारण दिलं की त्यावर चर्चा होते. ‘गोळीची वेळ झाली’ म्हणतो आणि चपला घालतो.

मे महिन्याचं ऊन आहे, तेव्हा पाणी भरपूर प्या आणि मीठ अचानक बंद करू नका. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. डोकं दुखतंय म्हणून कुणी कॉम्बिफ्लाम किंवा डायक्लोफिनॅक पुढे केली तर घेऊ नका, त्यानंही लेव्हल चढते. पॅरासिटामॉल चालते. उलट्या-जुलाब, हात जोरात थरथरणं, झोक जाणं असं काही झालं तर कार्य बाजूला ठेवून दवाखाना गाठा.

थोरला: माझा धाकटा भाऊ बायपोलर आहे. ग्रुपवर सामूहिक माफी अजिबात मागू नका, तिथं तमाशा होतो. ज्या काकांना प्लॅन सांगितला त्यांना एकटं गाठा. ‘तेव्हा आजारी होते, आता औषध चालू आहे’ एवढं सांगून त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करा. आमच्याकडचे काका दोन मिनिटांत गुडघ्यांच्या विषयावर येतात. बाकीचे लोक ते मेसेज विसरलेत, आणि ज्यांना आठवतात त्यांचं काय करणार?

कार्यात एकाला तरी सगळं ठाऊक असू द्या. धाकटा भरभर बोलायला लागला की मी त्याला पाणी आणायला पाठवतो, खूण आधीच ठरलेली असते. मात्र साधं हसण्याबोलण्यालाही ‘गोळी घेतलीस का’ विचारू नका हे त्या माणसाला बजावा. भाऊ याच प्रश्नावर माझ्याशी महिनाभर बोलत नव्हता.

समंजस: आईंचं बरोबर आहे. लग्न होईपर्यंत कशाला बभ्रा?

गोदातीर: भावकीला सांगू नका, हे ठीक. पण बोलणी पुढे गेली की मुलाला सांगायलाच हवं. लपवलं म्हणून लग्न रद्द करा अशा केसेस कोर्टात जातात. शिवाय लपूनछपून गोळी घेणारी बाई आज ना उद्या ती बंद करते. मूल हवं असेल तेव्हा तर डॉक्टर, नवरा आणि ती असं तिघांनी बसून औषध ठरवावं लागतं.

कृष्णाकाठची: थोरलेदादा, पाण्याची खूण चुलतबहिणीला सांगितली. ती नर्स आहे, तिच्या सासरी झोपायचं ठरलंय. काकांना उद्या फोन करते. समंजस, आईला तुमचा नंबर देऊ का? 😄 आता एवढंच सांगा, वरातीतल्या डीजेचं काय करायचं? तो तर दारातच असणार.

थोरला: वरातीत पुढे नाचा, वरात घरी पोचायच्या आत सटका. आणि रात्रीचा चहा नको.