ब्लीचिंग पावडरचा डबा कुणी नेला?

देशपांडे काकू: काल क्लबहाऊसमध्ये मुलांचे प्रयोग परत सुरू. नवसागराच्या वासाने जिन्यात उभं राहवेना. यांना दमा आहे, सगळ्यांना माहीत आहे. कमिटी बघणार आहे का काही?

शिंदे: पंपरूममधला ब्लीचिंग पावडरचा डबा जागेवर नाही. ज्यांनी नेला त्यांनी आणून ठेवावा.

वैद्य मॅडम: काकू, यापुढे गच्चीवरच करू. नवसागर आणि ओला चुना एकत्र चोळला की अमोनिया सुटतो, तोच वास. मुलांच्या शाळेत प्रयोगशाळेला कायम कुलूप, मग करायचं काय? पानवाल्याचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला, वरची निवळी गाळून घेतली आणि नळीने फुंकलं की दुधाळ होते. कार्बन डायऑक्साइड असा डोळ्यांना दिसतो. जास्वंदीचं पाणी लिंबाने गडद गुलाबी, धुण्याच्या सोड्याने हिरवं.

पाटील: म्हणजे बागेतल्या जास्वंदी इथे जातात तर! 😄

देशपांडे काकू: तरीच पूजेला एक फूल मिळत नाही.

वैद्य मॅडम: फुलं माझ्या कुंडीतली असतात, काकू.

शिंदे: पुन्हा विचारतो. डबा कुणी नेला?

नेने आजोबा: फुलं राहू द्या. ब्लीचिंग पावडर आणि संडासाचं ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन सुटतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत हाच वायू सैनिकांवर सोडला होता. आपल्याकडे दोन्ही एकाच फळीवर ठेवतात.

सेक्रेटरी: मेंटेनन्स वेळेवर आला तर कपाट घेऊ. काहींची थकबाकी किती महिन्यांची आहे ते मी इथे लिहीत नाही.

पाटील: लिहा ना. घाबरतो कोण?

शिंदे: डबा?

स्वाती सी-४०१: शिंदे काका, मावशींनी नेलाय, गटार धुवायला. माझ्या गाडीजवळ आहे.

नेने आजोबा: आणि ॲसिड?

स्वाती सी-४०१: तेही तिथेच आहे.

नेने आजोबा: मावशींना थांबवा. काही ओतू नका म्हणावं. मी खाली येतोय.

वैद्य मॅडम: मीही उतरते.

सेक्रेटरी: ॲसिड ऑफिसच्या कपाटात ठेवलं. किल्ली माझ्याकडे.

वैद्य मॅडम: रविवारी ९ वाजता गच्चीवर. तुरटी, हळद, लिंबू, खाण्याचा सोडा घरून आणा. मोरचूद विषारी, ते मीच आणीन.

नेने आजोबा: मावशींनाही बोलवा. हे सगळं रोज त्याच हाताळतात.

शिंदे: डब्यावर ‘ॲसिडपासून लांब’ असं रंगवून घेतो.